टॉफ, नॉब, चॅव, पॉश: ब्रिटिश वर्गवाचक बोलीचे शब्द मराठीत कसे आणायचे?

टीपॉय
मंडळी,
एका ब्रिटिश मालिकेची मराठी उपशीर्षकं करायचं काम हातात आहे. पात्रांमध्ये एक लॉर्ड, त्याची बायको, त्यांचा माळी, लंडनचा पोलीस आणि एसेक्सचं एक कुटुंब आहे. शब्दकोशात अर्थ सापडतात, पण प्रत्येक ठिकाणी 'उच्चवर्गीय व्यक्ती' आणि 'निम्नवर्गीय व्यक्ती' लिहिलं तर ते सरकारी परिपत्रक होईल. अडलेली वाक्यं अशी:

१. माळी: "ही'ज अ टॉफ, बट ही'ज ऑल राइट."
२. पोलीस: "शी ग्रू अप ऑन ॲन इस्टेट."
३. लॉर्डची बायको मुलीला: "डोन्ट बी कॉमन, डार्लिंग."
४. लॉर्डचा मुलगा: "द प्लेस वॉज फुल ऑफ चॅव्ज."

शिवाय टॉफ, टफ आणि टॉफी, किंवा नेव्ही आणि नॅव्ही असे कानाला जवळचे शब्द आहेत, तेही चकवतात.

माझं मत: मराठीत वर्गाची अशी वेगळी बोली नाही. त्यामुळे लॉर्डला पुस्तकी मराठी द्यावी, माळ्याला ग्रामीण द्यावी आणि मोकळं व्हावं. तुम्हाला काय वाटतं?

झंपी
टॉफी खातो तो टॉफ. पुढचा प्रश्न घ्या. 😀

बोरीबंदर
@झंपी, हसू नका, इंग्रजांनीच हा गोंधळ घालून ठेवलाय. 'टॉफी-नोज्ड' म्हणजे नाक वर करून वावरणारा. त्यात टॉफवरची कोटी आहे असं मानतात.

टॉफचा उगम बहुतेक कोश 'टफ्ट' म्हणजे गोंड्याशी जोडतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजला सरदारघराण्यातली मुलं टोपीला सोनेरी गोंडा लावत. त्यांच्यामागे लाळ घोटत फिरणाऱ्यांना 'टफ्ट-हंटर' म्हणत. १८५०च्या सुमारास लंडनच्या रस्त्यावर 'टफ्ट'चा टॉफ झाला. हा शब्द खालून वर बघून वापरला जातो. फेरीवाला, टॅक्सीवाला, माळी म्हणतील. लॉर्ड दुसऱ्या लॉर्डला टॉफ म्हणणार नाही, म्हटलं तर गंमत म्हणून. त्यात थोडी चेष्टा असते, थोडा दुरावा, पण विष फारसं नसतं. म्हणून 'उच्चवर्गीय' चूक आणि 'माजोरडा'ही चूक. 'बड्या घरचा' जवळ जातं.

ऐकताना: टॉफमधला स्वर 'हॉट'चा, टफमधला 'कप'चा. पण उत्तर इंग्लंडमधला माणूस टफ म्हणताना स्वर 'उ'कडे नेतो, त्यामुळे तो टुफसारखा ऐकू येतो. पात्र लीड्सचं असेल तर हे लक्षात ठेवा.

पेनाइन
वाक्य २ बद्दल. इथे भलेभले फसतात.

'कंट्री इस्टेट' म्हणजे शेकडो एकर जमीन, मधे हवेली. 'काउन्सिल इस्टेट' म्हणजे नगरपालिकेने भाड्याने द्यायला बांधलेली घरं. शब्द एकच आणि समाजाची दोन टोकं. नुसतं 'ऑन ॲन इस्टेट' आणि तेही पोलिसाच्या तोंडी असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा काउन्सिल इस्टेट. आसपास टॉवर, लिफ्ट, फ्लॅट, जिना असे शब्द असतील तर खात्रीच. शिकार, फाटक, गेमकीपर (शिकारीचं रान राखणारा नोकर) असेल तर हवेलीवाली.

तिसरी शक्यताही आहे: हवेलीच्या गेमकीपरची मुलगी. ती खरोखर कंट्री इस्टेटवर वाढलेली असते आणि गरीबही असते. मागचे दोन भाग बघून घ्या.

'इंडस्ट्रियल इस्टेट' म्हणजे आपली एमआयडीसी. 'इस्टेट कार' म्हणजे मागे डिकी लांब असलेली गाडी. म्हणून 'वसाहत' हा शब्द सोयीचा: "सरकारी वसाहतीत वाढली ती." मात्र १९८०च्या कायद्याने भाडेकरूंना ही घरं विकत घ्यायचा हक्क मिळाला. गोष्ट आजची असेल तर तिथली बरीच घरं खाजगी मालकीची असतात, नाव मात्र इस्टेटच राहतं.

रावसाहेब_डोंबिवली
चॅवला 'छपरी' द्या. सोशल मीडियावर सगळे तेच म्हणतात. भडक कपडे, स्वस्त दागिने, मोठ्याने गाणी. तंतोतंत बसतं. पुढे चला.

नर्मदाकाठ
@रावसाहेब, बसतं खरं, पण बसतं म्हणूनच वापरू नये.

आधी चॅव. हा शब्द रोमानी भाषेतल्या 'छावो'शी, म्हणजे मुलगा, पोर, याच्याशी जोडला जातो. रोमा लोक भारतातून गेले, त्यांची भाषा भारतीय आर्य कुळातली. संस्कृत 'शाव' म्हणजे पिल्लू. त्याचं प्राकृतात 'छाव' झालं, मराठीत छावा झाला आणि रोमानीत छावो. तेव्हा चॅव आणि छावा हे लांबचे चुलतभाऊ. आपल्याकडे तो शब्द शंभूराजांना लागला, तिकडे ट्रॅकसूट घातलेल्या पोराला.

दक्षिण इंग्लंडमध्ये, विशेषतः केंटच्या बाजूला, तो आधीपासून बोलीत होता. २००४च्या आसपास वर्तमानपत्रांनी उचलला आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी तो वर्षाचा शब्द ठरवला. बर्बरी या महागड्या ब्रँडच्या चौकटीची (बहुधा नकली) टोपी, सोन्याच्या मोठ्या बाळ्या, पांढरे बूट, असं चित्र तेव्हा पक्कं झालं. 'काउन्सिल हाउस्ड अँड व्हायोलंट' याची आद्याक्षरं म्हणजे चॅव, ही व्युत्पत्ती नंतर जुळवलेली आहे. चॅटम किंवा चेल्टनहॅम गावाच्या नावावरून आला, हेही तसंच.

आता छपरी. हा शब्द छप्परबंद समाजाशी जोडला जातो आणि म्हणून त्यावर आक्षेप आहे. छप्परबंद महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. मालिकेत लॉर्डचा मुलगा गरिबांची टिंगल करतोय. उपशीर्षकात तुम्ही एका खऱ्या समाजाची कराल. टीपॉय, तुमच्या मूळ मतालाही माझा विरोध याच कारणाने आहे. ग्रामीण मराठी ही गावाची भाषा आहे, नोकराची नव्हे. माळ्याच्या तोंडी वऱ्हाडी घातली की अख्खा वऱ्हाड माळी होतो.

सातारी_जर्दा
+१. आणि साताऱ्याची भाषा फक्त गुंडांना द्यायची सवय आधी मोडा.

रावसाहेब_डोंबिवली
पटलं नाही पूर्ण. शब्द वापरणारे निम्मे लोक छप्परबंद नाव ऐकूनही नाहीत. पण टीव्हीसाठी जोखीम नको, हे मान्य. मग 'टपोरी'?

पेनाइन
टपोरीत दोन अडचणी. एक, तो बहुतांशी पुरुष. चॅव मुलगीही असते. दोन, टपोरीपणाला मुंबईत एक झोक आहे, सिनेमाने त्याला गोड करून टाकलंय. चॅवमध्ये तुच्छताच आहे. पण छपरीपेक्षा बरं.

प्रांतानुसार शब्द बदलतो हेही ध्यानात घ्या: ग्लासगोत 'नेड', लिव्हरपूलला 'स्कॅली', न्यूकासलला 'चार्व्हर'. नेडची 'नॉन-एज्युकेटेड डेलिंक्वन्ट' ही फोडही मागाहून जोडलेली.

एक शब्द मात्र उपशीर्षकातही जपून: 'पायकी'. तो वर्गवाचक वाटतो पण रोमानी आणि आयरिश ट्रॅव्हलर या भटक्या समाजांवरची वांशिक शिवी आहे. ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यात वर्गाला संरक्षण नाही, वंशाला आहे आणि हे दोन्ही समाज त्यात येतात. तिथे नोकरीला असणाऱ्यांनी हा शब्द ऐकून तोंडात बसवू नये.

सई_परांजळ
पॉशचं काय? आमच्या ऑफिसात दर वर्षी 'पॉश ट्रेनिंग' असतं, त्यात काटा-चमचा कसा धरायचा ते शिकवत नाहीत. 🙄

कोशकीटक
@सई, तो कामाच्या जागी लैंगिक छळ रोखणारा २०१३चा कायदा, त्याची आद्याक्षरं खरी आहेत. इंग्रजी पॉशची मात्र खोटी. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' ही गोष्ट मुंबईत फार लाडकी: पी अँड ओच्या बोटीने भारतात येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची खोली, म्हणजे दोन्ही वेळा उत्तरेची, उन्हापासून लांब. भूगोल बरोबर आहे. पण असा शिक्का मारलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही आणि ही फोड छापली गेली १९३०च्या दशकात, शब्द त्याआधीचा. पॉश हे जुन्या चोरबोलीत सुट्या पैशाचं नाव होतं, रोमानीत त्याचा अर्थ अर्धा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छानछोकीच्या माणसालाही पॉश म्हणत. यातलं एखादं मूळ असावं.

अर्थाचा फरक अधिक महत्त्वाचा. मराठीत पॉश म्हणजे चकचकीत: पॉश फ्लॅट, पॉश एरिया. इंग्लंडमध्ये पॉश म्हणजे श्रीमंत नव्हे. कोपराला भोक पडलेला स्वेटर आणि कुत्र्याच्या केसांनी भरलेला सोफा असलेला सरदार पॉश असतो. दहा गाड्या असलेला फुटबॉलपटू नसतो. पॉशपणा उच्चारात, शाळेत आणि आडनावात असतो. स्वतःला पॉश म्हणवून घ्यायला सहसा कोणी तयार नसतं. पीटरबरो युनायटेड या फुटबॉल क्लबचं टोपणनाव 'द पॉश' आहे, ते वेगळं प्रकरण.

बोरीबंदर
आद्याक्षरांवरून आठवलं. 'स्नॉब' हा लॅटिन 'सिने नोबिलिताते' वरून आला, हीही थाप. स्नॉब म्हणजे मुळात चांभार. केंब्रिजचे विद्यार्थी गावातल्या सामान्य लोकांना स्नॉब म्हणू लागले. १८४६-४७ मध्ये कादंबरीकार थॅकरेने 'पंच' साप्ताहिकात स्नॉबांवर लेखमाला लिहिली आणि वरच्यांची नक्कल करणारा हा अर्थ रूढ झाला. आता अर्थ खालच्यांना तुच्छ लेखणारा. शब्द खालच्या पायरीवरून निघून वर जाऊन बसला.

नॉबचा (बडा माणूस) स्नॉबशी संबंध सिद्ध नाही, नबाबाशीही नाही. 'नेबॉब' हा स्वतंत्र शब्द आहे: बंगाल-मद्रासेत पैसा करून इंग्लंडात परतलेला कंपनीवाला. सॅम्युएल फूटने १७७२ मध्ये त्यांच्यावर नाटक केलं. जुनी घराणी या लोकांवर जळत, कारण ते संसदेतल्या जागा विकत घेत.

झंपी
आणि दुसरा नॉब? तो, चावट?

बोरीबंदर
उच्चार एकच, स्पेलिंगमध्ये आधी 'के'. ओळखायची खूण: 'द नॉब्ज' असं अनेकवचन असेल तर बडे लोक. 'यू नॉब' किंवा 'नॉबहेड' असेल तर शिवी. स्वयंपाकाच्या कार्यक्रमात 'अ नॉब ऑफ बटर' म्हणजे लोण्याचा छोटा गोळा, वजन न करता घातलेला. उपशीर्षकासाठी नुसता आवाज मिळाला असेल तर मूळ इंग्रजी संहिता मागून घ्या, अंदाज लावू नका.

कोशकीटक
कानाला फसवणाऱ्या आणखी जोड्या, सुचतील तशा:

नॅव्ही आणि नेव्ही. नॅव्ही म्हणजे कुदळ-फावड्याने कालवे आणि नंतर रेल्वेमार्ग खणणारा मजूर. कालव्याला 'नॅव्हिगेशन' म्हणत, खणणारा 'नॅव्हिगेटर', त्याचा नॅव्ही. मराठी भाषांतरात तो नौसैनिक होऊन डोंगरात खणताना दिसतो.

चार. 'अ कप ऑफ चार' म्हणजे चहा. 'द चार' किंवा 'चारलेडी' म्हणजे तासावर येणारी झाडू-फरशीवाली बाई. हा 'चोअर' म्हणजे किरकोळ काम याचा भाऊ. घरात राहणाऱ्या मेडपेक्षा ती वेगळी. 'चार वाला' आला तर पलटणीतला चहावाला.

स्किव्ही. ब्रिटनमध्ये सगळी हलकी कामं करणारी मोलकरीण. अमेरिकेत 'स्किव्हीज' म्हणजे पुरुषांचे अंतर्वस्त्र. पात्र कुठलं ते आधी बघा.

गॅफर आणि गॅफ. गॅफर म्हणजे मुकादम, फुटबॉलमध्ये प्रशिक्षक. गॅफ म्हणजे बोलीत घर. शेवटी 'ई' असलेला गॅफ म्हणजे चारचौघांतली घोडचूक.

कुशी आणि कुश्टी. कुशी आपल्या 'खुशी'तून आला, इंग्रज शिपायांनी नेला. अर्थ बिनकष्टाचं, आरामाचं. 'कुशी जॉब' सगळे वर्ग म्हणतात. कुश्टी रोमानी 'कुश्टो' म्हणजे चांगलं यावरून. लंडनच्या बाजारातल्या फेरीवाल्याचा शब्द. त्याचं मराठीत 'कुस्ती' केलेलं उपशीर्षक दिसलं तर आश्चर्य नको.

बर्क. 'यू बर्क' म्हणजे बावळट. सौम्य समजतात, आज्याही म्हणतात. मूळ लंडनच्या कॉकनी यमकबोलीतलं 'बार्कली हंट', आणि त्यातल्या दुसऱ्या शब्दाचं यमक एका फार वाईट शिवीशी आहे. यमकबोलीत जुळणारा शब्दच गाळतात ('बुचर्स हुक' म्हणजे लुक, त्यातलं फक्त 'बुचर्स' उरतं), म्हणून मूळ कोणाला दिसत नाही. मराठीत 'बावळट' पुरे.

नाशिकची_द्राक्षं
शिपायांचा विषय निघालाच आहे तर आमचं देवळाली राहू नये. 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला. पूर्ण शब्द 'डूलाली टॅप', त्यातला टॅप म्हणजे आपला ताप, नळ नव्हे. मुदत संपलेले गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत परतीच्या बोटीची वाट बघत. सैन्य नेणाऱ्या बोटी हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. चुकीच्या वेळी मुदत संपली की काम नाही, ऊन, दारू, मलेरिया. त्यातून हा शब्द. साध्या शिपायांचा होता, आता लॉर्डची बायकोही वापरेल.

बोरीबंदर
उलटा प्रवास 'पक्का'चा. साहेबलोकांचा शब्द, 'पक्का साहिब' म्हणजे अस्सल गोरा अधिकारी. आज लंडन-एसेक्सच्या बोलीत त्याचा अर्थ 'झकास'. एसेक्सचं कुटुंब पक्का म्हणालं तर उपशीर्षकात 'पक्का' ठेवू नका, 'एक नंबर' करा.

टीपॉय
वाचतेय आणि वहीत उतरवतेय. ग्रामीण बोलीचा विचार सोडला. पण वर्ग दाखवायचा कसा मग? आणि वाक्य ३ मधलं 'कॉमन'? तिथे 'सामान्य' अगदीच पोकळ वाटतं.

पेनाइन
'कॉमन' हा वरून खाली फेकलेला शब्द आहे आणि बायकांच्या तोंडी अधिक. मुलगी मोठ्याने हसली, रस्त्यात खाल्लं, 'पार्डन' म्हणाली, इतकं पुरतं. "असलं शोभत नाही हं आपल्याला." आपल्याला या एका शब्दात वर्ग आला.

वर्ग दाखवायला बोली लागतच नाही, संबोधनं पुरतात. माळ्याचं 'साहेब', लॉर्डचं त्याला नुसतं आडनावाने बोलावणं, 'तुम्ही' कोण कोणाला म्हणतं. इंग्रजीत 'यू' एकच आहे, आपल्याकडे तीन आहेत. तिथे कमवा. लॉर्डची बायको माळ्याला 'तुम्ही' म्हणेल, अगदी सौजन्याने, आणि दुरावा तिथेच दिसेल.

आणि जेवणाचे शब्द तपासा. उत्तरेकडे आणि कामगारवर्गात 'डिनर' दुपारचा आणि 'टी' म्हणजे संध्याकाळी पाच-सातच्या दरम्यानचं मुख्य जेवण. "व्हॉट्स फॉर टी?" म्हणजे "जेवायला काय?" चहाचा संबंध नाही. वरचे लोक रात्रीच्या घरगुती जेवणाला 'सपर' म्हणतात. इतरांत सपर म्हणजे झोपण्याआधी बिस्कीट-टोस्ट.

कोशकीटक
पार्डनचा उल्लेख आला म्हणून. बर्मिंगहॅमचे भाषाशास्त्रज्ञ ॲलन रॉस यांनी १९५४ मध्ये फिनलंडच्या एका भाषाविषयक नियतकालिकात लेख लिहिला आणि शब्दांचे 'यू' (अपर क्लास) व 'नॉन-यू' असे गट पाडले. १९५५ मध्ये लेखिका नॅन्सी मिटफर्डने तो विषय 'एन्काउंटर' मासिकात आणला आणि अर्धं इंग्लंड घाबरून आपले शब्द तपासू लागलं.

यू: नॅपकिन, लू किंवा लॅव्हेटरी, सोफा, जॅम, रिच, डाय, फॉल्स टीथ.
नॉन-यू: सर्व्हिएट, टॉयलेट, सेटी, प्रिझर्व्ह, वेल्दी, पास ऑन, डेंचर्स.

वरच्या वर्गाचा शब्द साधा आणि रोखठोक असतो. सजवलेला, फ्रेंच वाटणारा शब्द मधल्या वर्गाचा, कारण घसरण्याची भीती त्यालाच. या बाबतीत लॉर्ड आणि मजूर अनेकदा एका बाजूला येतात. भारतीय इंग्रजी मात्र जवळजवळ संपूर्ण नॉन-यू आहे: टॉयलेट, पार्डन, 'ही एक्स्पायर्ड'. आज हे नियम बरेच सैल झालेत, पण १९५०-६० मधल्या कथानकात लेखक ते मुद्दाम पेरतो.

म्हणून तुमचा लॉर्ड पुस्तकी बोलणार नाही. 'निधन पावले' एसेक्सच्या काकू म्हणतील, लॉर्ड म्हणेल 'मेला'.

सातारी_जर्दा
हे भारी आहे. म्हणजे टीपॉयबाईंनी बरोबर उलटं करायचं.

रावसाहेब_डोंबिवली
'मिडल क्लास'चंही बघा. आपला मध्यमवर्गीय म्हणजे दोन खोल्या, काटकसर, रेशनची रांग. त्यांचा मिडल क्लास म्हणजे डॉक्टर-वकील, बागेचं घर, मुलं फीच्या शाळेत. आणि ती फीची शाळा 'पब्लिक स्कूल', सरकारी नव्हे.

नर्मदाकाठ
या शब्दांत किती दारू भरलेली असते ते 'प्लेब' (खालच्या थरातला क्षुद्र माणूस) या शब्दावरून कळतं. २०१२ मध्ये सत्ताधारी हुजूर पक्षाचे मुख्य प्रतोद अँड्र्यू मिचेल सायकलवरून डाउनिंग स्ट्रीटच्या मोठ्या फाटकातून बाहेर पडू बघत होते. पोलिसांनी पायी जाण्याच्या फाटकाकडे बोट दाखवलं, त्यावर त्यांनी पोलिसांना प्लेब म्हटल्याचा आरोप झाला. त्यांनी नाकारलं, पण महिन्याभरात पद सोडावं लागलं. २०१४ मध्ये अब्रुनुकसानीचा दावाही हरले. वादातल्या वाक्यात 'एफ'ची शिवीही होती, तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. मंत्र्याने हवालदाराला प्लेब म्हणणं तिथे जास्त लागतं. तुमच्या मालिकेत तो शब्द आला तर 'फडतूस' इतकं कडक हवं.

टीपॉय
मग असं केलंय, तपासा:
१. "बड्या घरचा आहे, पण माणूस बरा आहे."
२. "सरकारी वसाहतीत वाढलीय ती." (मागचा भाग पाहिला, तेराव्या मजल्यावरचा फ्लॅट आहे.)
३. "शोभत नाही हं असलं आपल्याला."
४. "नुसता टपोऱ्यांचा बाजार भरला होता तिथे."
एका ओळीत साधारण चाळीस अक्षरं बसतात, चारही बसली.

पेनाइन
१ ते ३ उत्तम. ४ मध्ये 'बाजार' नको, लॉर्डचा मुलगा इतका रंगून बोलणार नाही. तो कंटाळून बोलतो. "सगळे टपोरी होते तिथे." बस.

रावसाहेब_डोंबिवली
छपरीत जी धार आली असती ती नाहीच. असो.

मी_नवीन
उशिरा आलो. 'डायमंड गीझर' म्हणजे काय? आमच्या बाथरूममध्ये साधा आहे.

कोशकीटक
@मी_नवीन, गीझर म्हणजे बोलीत माणूस, गडी. डायमंड गीझर म्हणजे एकदम दिलदार गडी. लंडनच्या कामगारवर्गाचा शब्द, वेष पालटून सोंग आणणारा तो 'गायझर', त्यावरून आलेला. पाणी तापवणारा गीझर आइसलँडच्या उष्ण झऱ्याच्या नावावरून. स्पेलिंग वेगळं, पण ब्रिटिश उच्चार दोन्हींचा गीझरच. अमेरिकन त्या झऱ्याला गायझर म्हणतात आणि त्यांचा 'गीझर' म्हणजे खुळचट म्हातारा.

झंपी
म्हणजे 'ओल्ड गीझर' बदलायचा की दुरुस्त करायचा?